एका चार्जिंगात जाऊन-येऊन

आमच्या ह्यांनी स्कूटरची बॅटरी मोठी करायचं मनावर घेतलं आणि त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे म्हणजे धनराज, सातपूरला कंपनीत सुपरवायझर आहेत. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की संपलं, उठता-बसता मोबाइलवर तेच व्हिडिओ. सेल किती, वजन किती, रेंज किती. जेवताना ताटात लक्ष नाही. "ज्योत्स्ना, एका चार्जिंगात हरसूल आणि परत! बोल!"

मी काय बोलणार, कपाळ!

नीट सांगते. माझं माहेर हरसूलच्या पलीकडं, पाड्यावर. आमच्या घरापासून पन्नास किलोमीटर धरा. आमची इलेक्ट्रिक स्कूटर एका चार्जिंगात जेमतेम साठ-पासष्ट जायची आणि वाघेऱ्याचा घाट चढला की तिचं अवसानच गळायचं. पाड्यावर पोचेपर्यंत स्क्रीनवर लाल. मग आईच्या घरातून वायर ओढायची आणि गाडी ओट्याशी चार्जिंगला लावायची. तिकडं व्होल्टेज कमी, लाइट जाते-येते, सकाळशिवाय बॅटरी भरत नाही. म्हणून मुक्काम. महिन्यातले दोन शनिवार, हक्काचे.

पेट्रोलची गाडी होती तेव्हा असं नव्हतं. सहा वर्षं मी गेले तशी परत आले. चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच हे बाहेर गाडीला किक मारत उभे. "चल, उजेड आहे तोवर घाट उतरू." तेवढ्यात आईशी काय बोलणार? कशी आहेस, बरी आहे, झालं. आणि राहते म्हणायची माझी हिंमतच व्हायची नाही. लग्न झालेल्या बाईचं माहेरी एवढं काय अडलंय, असं सासूबाई एकदा बोलल्या होत्या, तेव्हापासून मी तोंडच उघडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ही छोट्या बॅटरीची गाडी आली आणि देवच पावला. मला कुणाला काही म्हणावंच लागलं नाही. गाडीच अडून बसायची.

ह्यांना तिथं करमायचं नाही. नेटवर्क नाही, पहाटे चारला कोंबडा, रविवारची मॅच बुडते. मी मात्र आईशेजारी आडवी व्हायचे आणि आठवडाभराचा शीण जायचा. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते. मागच्या खेपेला अंथरुणात म्हणाली, "बाय, आताशा मला एकटीला झोपच लागत नाय. तू आसलीस का लागते." आणि दोन मिनिटांत घोरायलाही लागली. जागी राहिले मी. तेव्हापासून ते बोलणं माझ्या छातीवर बसलंय, आणि इकडं हे बॅटरी मोठी करतायत. तीही माझ्यासाठी, बरं का! "तुला बिचारीला तिथं अडकून पडावं लागतं," म्हणे.

प्रयत्न केले मी. पेट घेईल म्हटलं. वजनानं गाडी कलंडेल म्हटलं. शेवटी एकटीच बुद्धभूषणच्या दुकानात गेले. हा ह्यांचा शाळेतला मित्र, त्र्यंबक रोडला बॅटऱ्या बांधून देतो. म्हटलं, "भाऊजी, जरा लहान नाही का बसवता येणार?"

तो हातातलं काम सोडून माझ्याकडं बघतच राहिला. "वहिनी, लोक मोठी मागतात."

"लोकांचं लोकांपाशी."

"पण ऑर्डर धनराजची आहे ना," म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही. तणतणत घरी आले आणि भांडी आपटत स्वयंपाक केला.

बॅटरी बसली. एवढी मोठी, की सीटखालची डिकी सगळी तिनंच खाल्ली. शनिवारी दुपारी मी नेहमीसारखी पिशवी घेऊन खाली आले. पिशवीत दुसऱ्या दिवशीची साडी, कंगवा, आईच्या गुडघ्याचं मलम.

"पिशवी कशाला? संध्याकाळी परतच यायचंय," हे म्हणाले.

"असू द्या," म्हटलं आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.

रस्ताभर ह्यांचं पुढून ओरडणं चालू. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या पिकअप उभ्या होत्या, त्यांच्यातून वाट काढताना, "शहाऐंशी टक्के!" घाट चढून वर आलो तर, "बासष्ट! अगं बासष्ट!" एकदा वाटलं, सरळ उतरावं आणि चालत जावं. पाड्यावर पोचलो तेव्हा छप्पन्न होते.

आईनं खिडकीतून वायर आधीच बाहेर काढून ठेवली होती. अंगणात खुरासणी वाळत घातली होती, तिच्या कडेनं वायर नीट ओट्यापर्यंत आणलेली. आमची गाडी दिसताच ती टोक हातात धरून पुढं आली.

"मामी, आता वायर नको!" हे खुशीत म्हणाले. "गुंडाळा ती. चहा घेतो आणि लगेच निघतो आम्ही."

आई बरं म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली. पंजावरून कोपरावर, कोपरावरून पंजावर. माझ्याकडं बघेना.

मला ते सहन झालं नाही.

"मी राहतेय," मी म्हटलं.

"अगं, छप्पन्न टक्के आहे! आरामात जाईल परत."

"जाईल ना? मग तुम्ही जा. उद्या या मला न्यायला. आता जमतंय गाडीला."

ह्यांचा चेहरा पडला, मग तांबडा झाला. "एवढं सगळं केलं कुणासाठी मी?"

"मला विचारलं होतं? मला राहायचं असतं इथं. दर वेळी असतं. आईजवळ झोपायचं असतं मला." शेवटी आवाज फाटलाच माझा.

"मग तीन वर्षांत एकदा तरी बोलायचं!"

"गरजच पडली नाही. गाडीच बंद पडायची."

आई अर्धी गुंडाळलेली वायर घेऊन मधे आली. "जा गं बाय. जावयाला नको दुखवूस."

"तू गप गं आई!"

ह्यांनी चहा घेतला नाही. हेल्मेट चढवलं, गाडी वळवली आणि निघाले. रागाच्या भरात काय बोलून बसले, आता घरी काय वाढून ठेवलंय, सगळं एकदम डोक्यात आलं. अंगणाबाहेरच्या आंब्याच्या झाडापाशी गाडी थांबली. मला वाटलं, झालं, आता काहीतरी तोडून बोलणार.

मागं न बघताच ह्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईकडं पाहिलं, तर ती वायर तशीच धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सकाळी नको," मी ओरडून सांगितलं. "दिवस कलल्यावर या."