दोघींचा वर्ग

ज्योत्स्ना नदीच्या वळणांबद्दल सांगत होती आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली. झाली अमरावतीच्या स्वयंपाकघरात. ऐकली मात्र अकोल्यापासून वरुडपर्यंत घरोघरी बसलेल्या बी. ए. दुसऱ्या वर्षाच्या साऱ्या वर्गाने.

"मॅडम, आजीच्या वरणाची दुसरी शिट्टी," नितेशने माइक उघडून सांगितलं. "तिसरीले गॅस बंद करा म्हना."

"आई, माइक बंद कर."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कौशल्याबाईंचा चेहरा पुढे पुढे सरकला, शेवटी नुसता चष्माच उरला. "बंदच हाय ना वं," त्या म्हणाल्या.

वर्ग हसला. तेवढं हसणं आलं म्हणून ज्योत्स्नाला समोर माणसं असल्याची खात्री पटली. एरवी तो वर्ग म्हणजे काळ्या चौकटींवर लिहिलेली नावं होती. त्यात एकच चेहरा उघडा असायचा, आणि तो तिच्या आईचा.

ज्योत्स्ना अकोल्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची. कोरोनात कॉलेजला कुलूप लागलं तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून शिकवत होती. आईने वर्गाची लिंक पहिल्यांदा मागितली ती लेकीचं तोंड दिसावं म्हणून. अमरावती काही लांब नव्हे, पण जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि ती परदेशासारखी दूर गेली. मग आई वर्गात रमलीच. लग्नाआधी हिवरखेडहून अकोल्याला येऊन तिने कॉलेजचं जेमतेम अर्धं वर्ष केलं होतं. दिवाळीत सोयरीक जुळली आणि ती अमरावतीला गेली. "माह्यं कॉलेज अकोल्यातच राहून गेलं," असं ती म्हणे, एसटीत छत्री राहावी तसं.

वर्गात तिचं एक रोजचं होतं. हजेरी संपली की ती उजवा हात वर करून बसायची. ज्योत्स्ना "चला, सुरू करू" म्हणायची, तेव्हा हात खाली यायचा.

"साऱ्याइचं नाव घेतं," आई फोनवर म्हणायची, "माह्यंच काहून नाई?"

"तू माझी विद्यार्थिनी आहेस का?"

"रोज येतो मी. तुहा तो नितेश येते का रोज?"

खरं कारण सांगायला ज्योत्स्नाला संकोच वाटे. आईचं नाव तिने आईसमोर जन्मात उच्चारलं नव्हतं. बँकेत, दवाखान्यात कुणी विचारलं तर सांगितलं होतं, तेही मागे 'बाई' जोडून. 'नितेश', 'आकांक्षा' अशी मोकळी हाक आईला मारायची, तर जीभ वळत नव्हती.

त्या वर्गातल्या एका मुलीपर्यंत मात्र लिंक पोचतच नसे. सेमाडोहची अपेक्षा. जंगलात तिच्या घरी फोनला रेंज नव्हती. रस्त्यावरच्या पुलापाशी येऊन बसलं तर साधा फोन कसाबसा लागायचा. ज्योत्स्ना एकदा याबद्दल हळहळली, तर आई म्हणाली, "नंबर दे तिचा. तू शिकोलेलं मी सांगतो तिले." तेव्हापासून रोज दुपारी आई अपेक्षाला फोन करी आणि सकाळचा तास आपल्या बोलीत सांगे. ज्योत्स्नाला आधी धास्ती वाटली होती. मग तिने विचारणं सोडलं, कारण टपालाने पाठवलेल्या चाचणीत अपेक्षा पास झाली होती.

कुकरच्या दिवशीही तास संपल्यावर आईचा फोन आला.

"ते सरोवराचं काय नाव होतं वं?"

"नालाकृती."

"म्हंजे नदीनं सिधा रस्ता धरला, अन् वळनातलं पानी तिथंच राह्यलं."

"हो."

"मंग ते नदीत जातच नाई?"

"नाही. मोठा पूर आला आणि गाठ पडली तर पडली."

आई हरभऱ्याचे घाटे सोलत असावी. तिच्या मागे ताटात दाणे पडल्याचा आवाज येत होता. "बरं. तिच्या घराजोळ सिपना नदी हाय, तिले समजनच. अन् घाटे तुह्यासाठी सोलून राह्यली मी. रस्ता खुलला का ये."

"ठेव फ्रिजमध्ये. आले की खाते."

"उद्या नाव घेशीन?"

"उद्या बघू."

"पाह्य बाई," असं म्हणून आईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली चौकट उघडली नाही. आईला ताप होता. आईसोबत राहणारा धाकटा भाऊ, श्याम, तिला घेऊन आधी तपासणीला आणि मग एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडला. ज्योत्स्ना प्रवासाचा परवाना मिळवून अमरावतीला पोचली, पण तिला वॉर्डात कुणी जाऊ देईना. खालच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबाखाली श्यामसोबत उभं राहून तिने आईला फोनवर पाहिलं. पांढऱ्या पोशाखातल्या नर्सने फोन धरला होता. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलणं शक्य नव्हतं. ती लेकीकडे पाहत राहिली. मग तिने उजवा हात कोपरापासून वर केला आणि तसाच धरून ठेवला.

ज्योत्स्नाने तोंड उघडलं. तेवढ्यात चित्र हललं, छत दिसलं, फोन बंद झाला.

"टाटा करत होती," नंतर श्याम रडत म्हणाला. ज्योत्स्नाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला काही सांगितलं नाही.

सगळं उरकून ती अकोल्याला परतली ती आईचा फोन आणि घाट्यांचा डबा घेऊन. दाणे सुरकुतले होते. तिने डबा फ्रिजमध्ये ठेवला. उघडलाही नाही, टाकलाही नाही.

पहिल्या तासाला तिने हजेरी भरभर घेतली. शेवटचं नाव झाल्यावर नजर सवयीने कोपऱ्यात गेली. नितेशने आपला कॅमेरा सुरू केला. त्याच्या मागे भिंत होती, भिंतीवर घमेलं टांगलेलं. हळूहळू आणखी चेहरे उघडत गेले. ज्योत्स्नाने तास घेतला. कसा घेतला ते तिला आठवत नाही.

दुपारी आईचा फोन वाजला.

"आजी," पलीकडून एक मुलगी धापा टाकत बोलली, "काहून फोन नाई वं तुहा? मी रोज पुलापाशी येऊन बसून राह्यली."

"अपेक्षा, मी ज्योत्स्ना मॅडम बोलतेय. आजी गेल्या गं. कोरोनाने."

पलीकडे वारा वाहत होता. एक जीप पुलावरून गेली.

"मले कोनीच सांगतलं नाई," अपेक्षा म्हणाली.

"कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा." ज्योत्स्ना खुर्चीवर बसली. "आजींचं कुठवर झालं होतं?"

"नदीचं. ते पानी मांगं राह्यते, तिथवर. मंग रेंज गेली."

"पुढचं मी सांगते. आहेस ना बसून?"

"हाव." मग जरा अडखळत, "मॅडम, आजी रोज पह्यले हजेरी घेत जाये."

"तुझी?"

"माही, अन् मंग स्वतःची. स्वतःच नाव घे अन् स्वतःच 'हजर' म्हने. पुरं नाव, लग्नाआधीचं, हिवरखेडचं. मले हासू ये. त म्हने, दोघींचा का होयेना, वर्ग हाय आपला. हजेरी पुरी झाली पायजे."

ज्योत्स्नाने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर लॅपटॉप मिटलेला होता. ती उठून उभी राहिली, वर्गात उभी राहत असे तशी.

"अपेक्षा."

"हजर, मॅडम."

अपेक्षा वाट पाहत होती. पुलाखालून सिपनेचा आवाज येत होता.

"कौशल्या नत्थुजी खारोडे," शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ज्योत्स्नाने पुकारलं.