सतरा नंबरची बाटली

“हात लावू नका हं, ताई,” अर्पिता मॅडम म्हणाल्या, तसा विमलताईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

मॅडमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत काचेच्या वीसेक बाटल्या ओळीनं लावल्या होत्या. आत गढूळ पाणी. विमलताई फुलसावंगीच्या आशा कार्यकर्त्या; मॅडमनी त्यांना काम दाखवायला बोलावलं होतं. दोन वर्षांपूर्वी तांड्यावरच्या लेकरांची शी डब्यांत गोळा करून त्यांनीच बर्फाच्या पेटीतून इथे पाठवली होती. त्या शीतले जंतू या बाटल्यांत वाढत होते. पोटात राहतात तसेच, एकमेकांच्या आधारानं. हवा लागली की मरतात, म्हणून बाटल्यांची तोंडं घट्ट बंद. कोणत्या अन्नानं कुपोषित लेकराचं पोट सुधारेल, ते आधी या जंतूंना घालून पाहायचं, असं मॅडमनी समजावून सांगितलं.

“ही सतरा नंबरची सगळ्यांत चिवट. दोन वर्षं टिकून आहे. दिवसातून तीनदा खाऊ घालतो आम्ही. दिवाळीतही कुणीतरी येतंच.”

विमलताईंना नमुन्यांची यादी पाठ होती. सतरा म्हणजे पायल राठोडचा नयन.

नमुना दिल्यावर दोन महिन्यांनी त्याला हगवण लागली होती. तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्याच्या वाटेवर, आईच्या मांडीवरच तो गेला.

“मॅडम, ते लेकरू तं गेलं,” विमलताई म्हणाल्या.

मॅडमनी हळू आवाजात तो गेल्याची तारीख विचारली आणि वहीत लिहून घेतली.

परतीच्या एसटीत विमलताईंचा डोळा लागला नाही. या अभ्यासातून तुमच्या बाळाला थेट फायदा होणार नाही, असं संमतीच्या कागदावर स्पष्ट छापलेलं होतं. सह्या लवकर उरकाव्यात म्हणून ती ओळ त्यांनी कुणालाच वाचून दाखवली नव्हती. उलट, डॉक्टर तपासतील, बाळाला औषध येईल, असं पायलला सांगून मोकळ्या झाल्या होत्या. हगवण लागल्यावर पहिले दोन दिवस पायल त्या औषधाचीच वाट पाहत घरी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या तांड्यावर गेल्या. पायल अंगणात तूर पाखडत होती. विमलताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाटलीचं, आणि त्या ओळीचंही.

“त्या जंतूहिले रोज खायले देतेत?” पायलनं विचारलं.

“देतेत.”

सूप तसंच चालू राहिलं.

“मले वाचता येते, ताई. दहावी झाली माही. ते ओळ म्या तवाच वाचली होती. पन तुमी म्हनल्या औषध येईन, म्हून कागदापेक्षा तुमचं खरं मानलं.”

पायलनं पाखडलेली तूर पोत्यात ओतली, सूप झटकलं आणि ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला नाही. दार नुसतं लोटलं गेलं.