पारोशा तोंडाचा नमुना

रेवती चिडली होती, आणि चिडलेल्या रेवतीच्या वाटेला प्रयोगशाळेत कुणी जात नसे. कारणही तसंच होतं. भोपाळच्या सोनागिरी भागातल्या एका गल्लीतून करोनाचे दोन-दोन नमुने आले होते. माणूस तोच, सकाळ तीच. नाकात काडी घालून घेतलेला नमुना पॉझिटिव्ह आणि डबीत थुंकलेली लाळ साफ निगेटिव्ह! एका-दोघांची नाही, अख्ख्या गल्लीची.

"लाळेचं बंद करू या," विभागप्रमुख श्रीकांत सर म्हणाले. "सोमवारपासून मुलांचे नमुने घ्यायचेत. काडीच घालावी लागेल त्यांना."

ती काडी दिसली की वॉर्डातली पोरं आईच्या कुशीत तोंड खुपसून किंचाळायची. त्यांच्यासाठीच तर रेवतीनं हा लाळेचा हट्ट धरला होता.

"सर, उद्याचा एक दिवस द्या. मी स्वतः जाते."

"एकच," सर म्हणाले.

भल्या सकाळी ती अलकाकाकूंच्या दारात हजर. काकू मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या बदलीबरोबर भोपाळला आल्या आणि इथल्याच झाल्या. गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. तापानं चेहरा उतरलेला, पण मास्कआडून आवाज खणखणीत.

"आलीस का गं? बस. जरा तोंड स्वच्छ करून येते."

आतून खळखळ आवाज आला. मीठ-हळदीच्या गरम पाण्याच्या गुळण्या, एकामागून एक. रेवती ताडकन उठली.

"काकू! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? कालही केलंच होतं. डबीत काय पारोशा तोंडाची घाण द्यायची? चार शिकलेली माणसं उघडणार ती! सगळ्या गल्लीला बजावलंय मी, गुळण्या केल्याशिवाय थुंकायचं नाही. इज्जत का सवाल है!"

रेवतीनं कपाळावर हात मारला. काही खाऊ-पिऊ नका, हे तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं. चूळ भरू नका, हे सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. बिचाऱ्यांनी घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता, फक्त विषाणू मोरीत ओतून आले होते. रडावं की नाचावं, तिला कळेना.

"बाकीच्यांच्या गुळण्या झाल्या असतील?"

"छे गं, आत्ताशी उठतायत सगळे."

"मग थांबवा त्यांना! तसंच तोंड हवंय मला."

"पारोशा तोंडानं? शी! काहीतरीच तुझं!"

"काकू, आज हे जमलं नाही तर लहान लहान पोरांच्या नाकात काड्या घालाव्या लागतील हो."

काकू तरातरा गॅलरीत गेल्या आणि ताप विसरून ओरडल्या, "अरे सुनो सब लोग! कोई कुल्ला नहीं करेगा! बासी मुँह थूकना है!"

गुळण्यांवरची बंदी ऐकून खिडक्या उघडल्या. कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं, पण काकूंपुढे कुणाची टाप! रेवती दारोदार धावली. प्रत्येकाचे नाकातले आणि तोंडातले नमुने पुन्हा घेऊन तिनं थेट प्रयोगशाळा गाठली.

दुपारी यंत्रासमोर ती नखं खात उभी होती. विषाणू असेल तरच पडद्यावरची रेघ वर चढते, आणि रेघा सपाटच. एक मिनिट, दोन मिनिटं... आणि तिच्या शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ मयूर ओरडला, "मॅडम, चढ रही है!" एक रेघ उठली, दुसरी उठली, बघता बघता बहुतेक सगळ्याच उठल्या. नाक जे सांगत होतं, तेच आता लाळही सांगत होती! रेवतीनं चक्क उडी मारली.

सरांनी येऊन एकेक रेघ नाकाच्या निकालाशी ताडून पाहिली. "एका गल्लीवरून निकाल लागत नाही, रेवती. सूचना नव्यानं लिही, सगळीकडे पुन्हा करून बघू." मग त्यांना हसू आलं. "पण सोमवारी मुलांची लाळच घ्यायची."

तिनं लगेच फोन लावला. "काकू, सापडला! तुमच्या सगळ्या गल्लीच्या थुंकीत व्हायरस सापडला!"

"अगं, आजारी आम्ही, आणि तू पेढे वाटल्यासारखी काय सांगतेस!" काकू खोकत खोकत हसल्या. मग हळूच विचारलं, "पोरांच्या नाकात काडी नाही ना जाणार आता?"

"नाही, काकू."

"मग सापडू दे मेल्याला."