आयव्हीची मेंढी

खंडाने घेतलेले शेत सोडताना कळप मागे ठेवायचा, हा डोंगराचा रिवाज अ‍ॅम्ब्रोज टायसनला कुणी सांगायला नको होता. कुंपण नसलेल्या त्या उघड्या डोंगरावर आपली हद्द कुठे संपते हे कोकराला त्याची आई दाखवते. त्या हद्दीला आणि तिच्या ओढीलाही एकच शब्द. अ‍ॅम्ब्रोजच्या खोऱ्यात तो ‘हीफ’. त्याची बायको आयव्ही खिंडीपलीकडची, ती ‘हेफ्ट’ म्हणे आणि लिहीही तसेच.

“कोकरांची शेपटं ठेवता आणि शब्दाचं तेवढं कापता!” ती चिडवायची. तिच्या माहेरी तो शब्द सासरी रुळलेल्या सुनेलाही लावत. “मी कुठं अजून हेफ्ट झालेय?” असे ती म्हातारपणीही म्हणे. ते थट्टेत की खरेच, हे त्याने कधी विचारले नाही. मग विचारायला ती उरली नाही.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर मुलीने, रूथने, त्याच्यासाठी डोंगराखालच्या पेनरिथ गावी आपल्या शेजारी घर पाहिले. नव्या कुळाच्या, जॉसच्या, हाती कळप सोपवताना त्याने एकच म्हातारी मेंढी मागून घेतली.

“न्या की. पण राहील का ती?”

“आईला दूध नव्हतं, म्हणून आयव्हीनं चुलीपाशी बाटलीनं वाढवलीय तिला. माणसाची आहे ती.”

“आणि हे तुम्ही म्हणताय?” जॉस हसला.

अ‍ॅम्ब्रोजला हसू आले नाही. आयव्हीचा हात लागलेले जिवंत असे तेवढेच राहिले होते.

पेनरिथच्या परसात मेंढी डोंगराकडे तोंड करून भिंतीशी उभी राही. गवताला जेमतेम तोंड लावी. एका सकाळी भिंतीचे वरचे दगड ढासळलेले दिसले, आणि तिसऱ्या दिवशी जॉसचा फोन आला. “आलीय. खूर रक्ताळलेत, पण आलीय.”

रूथने त्याला गाडीतून नेले. कड्याखाली, आपल्या आईच्या जागेवर, मेंढी चरत होती. त्याने दाण्याची बादली खुळखुळवली, आयव्ही घालायची तशी साद घातली. तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिले, आणि पुन्हा गवतात तोंड घातले.

“धरून गाडीत घालू?” जॉसने विचारले.

“नको. हेफ्ट आहे ती.”

“हेफ्ट? तुम्ही कधीपासून पलीकडचं बोलायला लागलात?”

अ‍ॅम्ब्रोज बादली खाली ठेवून चढणीकडे पाहत राहिला. जॉस हळूच म्हणाला, “मग शेताची खूण लावायला हवी. कातरल्यावर जुनी गेलीय.”

“आण रंग. मी धरतो.”

दोघांनी तिला खालच्या मेंढवाड्याच्या भिंतीच्या कोपऱ्यात घेतले. त्याने तिला गुडघ्यांत दाबून धरले. दुखले तरी सोडले नाही. जॉसने पाठीवर लाल पट्टा ओढला. अ‍ॅम्ब्रोजने हात काढताच ती लंगडत चढणीला लागली. मागे वळली नाही.

“बाबा, चला ना,” रूथ म्हणाली. “हात पुसायला फडकं देऊ?”

“राहू दे.”

तळहाताला ओला लाल रंग लागला होता. पेनरिथ येईपर्यंत त्याने तो तळहात मांडीवर उघडाच ठेवला.