पप्पा झोपलेत

गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजला की शुभांगी चप्पल न घालताच धावायची.

"ओ काका, पलीकडच्या गल्लीत जा. इथं माणूस झोपलंय."

"भर दुपारी?" असं भंगारवाला बोलला की संपलंच. पोरीचं तोंड सुटायचं, पण तेही हळू आवाजात, दात खाऊन. हळू आवाजात भांडणं सोपं नसतं. सातपूरच्या त्या गल्लीत ते शुभांगीइतकं कुणालाच जमत नव्हतं.

झोपलेलं माणूस म्हणजे तिचे पप्पा, समाधान. कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर, ठेकेदाराकडून. शुभांगीच्या पाठीवर उशिरानं साई झाला आणि घरात दुधापासून सगळंच वाढलं, तेव्हा रात्रीचे चार पैसे जास्त मिळतात म्हणून त्यांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. सकाळी ते येऊन आडवे व्हायचे तेव्हा आई पॅकिंगच्या कामाला निघायच्या गडबडीत असायची. खोली एकच. एका भिंतीला पप्पांची गादी, दुसऱ्या भिंतीला सगळा संसार.

मग घरानंच आपलं वळण बदललं. दिवसा कुकर लावायचा नाही. टीव्ही बघायचा तर आवाज बंद करून. आई सुवर्णा बांगड्या काढून ठेवायची आणि मगच सकाळच्या भाकरी थापायची. साई चालायला लागला तसा हे सगळं शिकला. पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाकडं, भूक लागली तर पोटावर हात, बाहेर जायचं तर करंगळी. अगदीच बोलायची वेळ आली तर शुभांगीच्या कानाशी तोंड आणून नुसता श्वास सोडल्यासारखं, "दिदी."

एकदा त्याच्या हातून पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला गादीजवळ पडला. पप्पा उठले, पाठीत धपाटा घातला आणि परत भिंतीकडं तोंड करून पडले. साई रडला, पण तोंडावर हात ठेवून. तेव्हापासून तो पेला दोन्ही हातांनी ठेवतो, अंडं ठेवावं तसा. हे बघितलं की शुभांगीच्या डोक्यात जायचं. एवढी झोपेची हौस असेल तर कंपनीतच झोपा की, असं तिच्या अगदी ओठावर यायचं.

तिची स्वतःची शाळा नववीतच सुटली होती. मॅडमशी भांडण झालं, ती दप्तर टाकून घरी आली, आणि साईला कुणीतरी सांभाळायला पाहिजेच होतं, म्हणून तिला परत जा असं कुणी फारसं म्हटलंही नाही.

साईला अंगणवाडीत घातलं आणि महिन्याभरात कुंदनताईंनी तिला दारातच थांबवलं. कुंदनताई म्हणजे अंगणवाडीच्या बाई, सगळी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली.

"शुभे, हा घरी बोलतो का गं?"

"बोलतो की."

"इथं तर तोंडातून शब्द नाही. पोरं ढकलतात तरी गप्प. कान तपासून घ्या बाई. असाच राहिला ना, तर उद्या शाळेवाले म्हणतील, वेगळ्या शाळेत टाका."

"वेगळ्या म्हणजे?"

"मुक्या पोरांच्या." आणि मग तिचं तोंड बघून, "अगं, मी नाही म्हणत. ते म्हणतील."

शुभांगी ताडताड घरी आली. मुका म्हणे. पण वाटेत तिनं आठवायला सुरुवात केली, साई शेवटचं मोठ्यानं कधी बोलला. घर आलं तरी आठवलं नाही.

संध्याकाळी आईनं ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. "माझंच चुकलं. घरी बसले असते तर..."

"तू घरी बसली तर खायचं काय?" शुभांगी म्हणाली. आणि पप्पांकडं न बघता, "चुकलंय ते वेगळंच कुणाचं तरी."

पप्पा डबा पिशवीत टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही. "उद्या ड्युटीवरून आलो की मी नेतो त्याला. शुभे, तू पण चल."

सकाळी पप्पा आले तसेच, हाताला ऑइल, डोळे लाल. सरकारी दवाखान्यात लाइन मोठी. पप्पा बाकावर बसले की पेंगायचे, साईचं डोकं त्यांच्या मांडीवर, पण एक हात त्याच्या कानावर ठेवलेला. जसं काय तपासायच्या आधी तो कान कुणी नेणार होतं.

नंबर लागला. आतली कान तपासणारी बाई तरणी होती, खेळकर स्वभावाची. साईला पप्पांच्या मांडीवर बसवलं आणि ती मागं जाऊन उभी राहिली. हळूच खुळखुळा वाजवला. साईनं मान वळवली. अजून हळू वाजवला. साई वळला. मग ती नुसतं कुजबुजली, "साई, चॉकलेट." साई गर्रकन वळला.

"कान एकदम मस्त आहेत याचे," बाई म्हणाली. "बाबा, खुर्ची जरा पुढं घ्या."

पप्पा हलले नाहीत.

"अहो बाबा, खुर्ची."

साईनं बाईकडं बघितलं. शुभांगीनं बघितलं. पप्पा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते, शांत. शुभांगीनं त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकून उठलेच.

बाई समोर आली. "याला सगळं ऐकू येतं. घरात बोलता का त्याच्याशी? पोरं ऐकून ऐकून बोलतात." मग जरा थांबून, "तुम्ही कुठं कामाला, मशीनच्या आवाजात का? तुमचे कान कधी तपासलेत?"

"माझे कशाला," पप्पा हसले. "मी म्हातारा झालो आता." चाळिशीही नव्हती आलेली.

बाहेर टपरीवर चहा घेतला. साई बशीत बिस्कीट बुडवत बसला. शुभांगी उभीच होती.

"तुम्हाला ऐकू येत नाय."

"येतं. तोंड समोर असलं की येतं."

"मग आम्ही कुणासाठी गप्प बसतो? हं? हा मुका व्हायची वेळ आली, आई बांगड्या काढून ठेवते, मी येड्यासारखी भंगारवाल्याच्या मागं पळते. कुणासाठी?" आता ती हळू आवाजात भांडत नव्हती. टपरीवाला बघायला लागला.

पप्पांनी चहाचा कप फिरवला. "कानात शिट्टी वाजते," ते म्हणाले.

"काय?"

"बारीक. सारखी. कंपनीत प्रेसच्या धाडधाडीत कळत नाय. घरी आलो, सगळं सामसूम झालं, की सुरू. जेवढं गप्प, तेवढी जोरात. मग झोप नाय येत, डोकं उठतं. त्या दिवशी याला मारलं ना..." ते साईकडं बघून थांबले. "पेल्याचा आवाज नव्हता आला मला. पाणी अंगावर आलं म्हणून उठलो. झोपलोच नव्हतो."

"मग सांगायचं ना पप्पा."

"कसं सांगू? खिडकीतून बघतो ना मी, तू अनवाणी पळते ते. तुम्ही एवढं जपता, त्याचाच त्रास होतो म्हणू?" त्यांनी कप ठेवला. "आणि कान गेले असं कंपनीत कळलं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी माझ्या जागी माणूस उभा करील. आईला नको सांगू."

शुभांगीकडं बोलायला पुष्कळ होतं. रात्रभर जमवून ठेवलेलं. पण आता ते कुणावर काढायचं हेच तिला कळेना. तिनं आपलं बिस्कीट साईच्या बशीत टाकलं.

घरी आल्यावर पप्पांनी गादी घातली आणि पडल्यापडल्या म्हणाले, "शुभे, कुकर लाव."

"आत्ता?"

"लाव. आणि तो टीव्ही."

तिनं डाळ-तांदूळ चढवले. टीव्ही लावला, आवाज आधी थोडा, मग चांगलाच. पहिली शिट्टी झाली तसा साई कोपऱ्यातून पळत आला आणि कुकरसमोर ओठांवर बोट ठेवून उभा राहिला. कुकरनं ऐकलं नाही. दुसरी शिट्टी झाली. साई घाबरून गादीकडं बघायला लागला.

"वाजू दे," शुभांगी मोठ्यानं म्हणाली. "बघ, मी पण बोलते. तू पण बोल."

साईनं तिच्या कानाशी तोंड आणलं.

"अंहं. तिथून बोल."

तो तिथून काही बोलला नाही. पण तिनं हातात ताट दिलं, पळी दिली. त्यानं पळी ताटाला लावली, थांबला, गादीकडं बघितलं, परत लावली. तासाभरात शेजारची साळूबाई दारात आली. "काय गं, लग्न काढलंय का घरात?"

"हो, साईचं," शुभांगी म्हणाली.

पप्पा घोरत होते. त्यांना घोरताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. भंगारवाला गल्लीतून भोंगा वाजवत गेला, आणि तिला सवयीनं उठायला झालं, पण बसली.

संध्याकाळी आई आली तर टीव्ही चालू, ताट वाजतंय, नवरा गादीवर. तिचा चेहराच उतरला. उंबऱ्यातच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

साईनं पळी खाली ठेवली, आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई, पप्पा झोपलेत."

आई तशीच उभी, बोट ओठांवर. पप्पांनी कूसही बदलली नाही.

शुभांगी देवाच्या फळीवरून वातीचा कापूस काढत होती. त्याचे कानात बसतील असे दोन घट्ट बोळे वळून तिनं ते पप्पांच्या डब्याच्या पिशवीत, वरच दिसतील असे ठेवले. आईनं विचारलं तर काय सांगायचं, ते तिचं अजून ठरलं नव्हतं.