वेरोनिकाचं फडकं

भवानी पेठेतल्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये त्या शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चौऱ्याहत्तरचा मार्च, वर तापलेले पत्रे, खाली घामेजलेली गर्दी आणि पुढे स्टुलावर ब्रदर बेनेदिक्त. पांढरा झगा, गळ्यात वीतभर क्रूस, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी पाप केलंय असं उगाचच वाटावं.

ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू होता. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या अखेरच्या प्रवासातल्या एकेका टप्प्यावर थांबून प्रार्थना. ती चर्चमध्येही व्हायची. तिथे लोक गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायचे आणि घरी जायचे. इथे सहाव्या टप्प्याला, वेरोनिकाने येशूचं तोंड पुसलं तिथे, रक्त यायचं! मग चर्चमध्ये कोण जातो?

"बंधुभगिनींनो! वेरोनिकामाउलीने प्रभूचं मुख पुसलं, तेच हे वस्त्र! दोन हजार वर्षांत पिवळं पडलं, पण फाटलं नाही!"

फाटेल कसं? बाजारात वाराने मिळणारं मांजरपाट ते. बोटाने चाचपून सुताचा नंबर सांगणारी माणसं समोर बसली होती. तीही हात जोडून.

ब्रदरांनी येशूच्या प्लास्टरच्या पुतळ्यावर 'यार्देन नदीचं पाणी' ओतलं, फडकं त्याच्या तोंडावर दाबलं आणि उचललं. कपाळ, नाक, गाल, सगळं लालभडक उमटलं होतं.

"आगं बया! रगत!"

दुसऱ्या रांगेत मल्लव्वा आपल्या रुद्राणीला मांडीवर घेऊन बसली होती. अकरा वर्षांची पोर, टी.बी.ने चिपाड झालेली. दवाखान्यात रोज इंजेक्शन होतं. ते बंद करून तीन आठवडे झाले होते, कारण ब्रदरांनी बजावलं होतं, "सुई म्हणजे प्रभूवर संशय. संशय आला की कृपा आटते."

शेजारची फिलोमिनाबाई, रेल्वेतल्या फिटरची बायको, आजही तिला तिथून उठवून न्यायला आली होती.

"मल्लव्वा, मी जन्माची ख्रिस्ती. रोज जपमाळ करते. आमच्या चर्चमध्ये या माणसाला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. पोरीला सुई दे, प्रार्थना आपण दोघी करू."

"तुमच्या फादरच्या हातनं रगत येतंय का? न्हाय ना? मग गप बसा की."

फिलोमिनाबाई तिथेच कडेला टेकली.

ब्रदर उरलेलं पाणी लोकांवर शिंपडत आले. मल्लव्वाच्या पदरावर थेंब पडले आणि पदरही लाल झाला.

शेडमध्ये एकच गलका उठला. मडिवाळप्पा, गिरणीतला जुना जॉबर, म्हणजे मुकादम, तिच्या पायांवर आडवा झाला. ब्रदर क्षणभर दचकले. पण धंद्यात मुरलेला माणूस. "पाहा! प्रभूने ही माउली निवडली!"

मल्लव्वाला वाटलं, आता पोर वाचली! तिने पदर डोळ्यांना लावायला उचलला आणि नाकाला वास आला. हळदीचा. सकाळी आमटीला फोडणी देताना तिने तिथेच हात पुसला होता. जेवढा डाग पिवळा होता तेवढाच लाल झाला होता. डागाबाहेरचं लुगडं नुसतंच ओलं.

साबण लावल्यावर हळद अशीच लाल होते की!

"ब्रदर, पाण्यात काय हाय ह्या?"

"कृपा, माउली."

"आन् फडक्याला हळद कुणी लावली?"

ब्रदर मागे सरकत स्टुलापाशी गेले.

"फिलोमिनाबाई, भायेरच्या रसवाल्याकडनं लिंबू आणा."

लिंबू आलं. मल्लव्वाने अर्धं पदरावर पिळलं. लाल डाग परत पिवळा झाला. उरलेलं अर्धं घेऊन ती थेट स्टुलापाशी गेली आणि फडक्यावर पिळलं. आधी नाक गेलं, मग गाल.

"धुण्याचा सोडा हाय पाण्यात! हळदीवर पडला की लाल हुतंय."

"संशय! संशयामुळं रक्त गेलं!"

"लिंबामुळं गेलं, मुडद्या!"

पहिल्यांदा एक म्हातारी हसली, मग सगळी शेड. ब्रदर झगा गुडघ्यापर्यंत उचलून मागच्या दाराने पसार झाले. मडिवाळप्पा गुडघे झटकत म्हणाला, "मला तवाच वाटलं हुतं." यालाही काहीतरी वाटत असेल, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

मल्लव्वा हसायला थांबली नाही. पोरीला खांद्यावर टाकून तिने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कार्ड बघून तिला फाडून खाल्लं. "तीन आठवडे! मारायची होती का पोरीला?" तिने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि रुद्राणीचा काडीसारखा दंड पुढे केला. बाकड्यावर फिलोमिनाबाई जपमाळ ओढत होती. त्या माळेने डॉक्टरांचा हात अडला नाही.

बायांनो, त्या शेडमधल्या प्रत्येकीने हळदीचे डाग जन्मभर धुतले होते. घरी तो डाग असतो आणि स्टुलावर झगेवाला उभा राहिला की त्याचं रक्त कसं होतं? प्रार्थना खुशाल करा. पण औषध सोड म्हणणारा भेटला, मग झगा कुठल्याही रंगाचा असो, तर पाया पडायच्या आधी त्याला विचारा, पाण्यात काय आहे? आणि उत्तर द्यायला तो घुटमळला, तर पोराला उचला आणि दवाखान्याची वाट धरा.