बुजवलेली खाच

कोंडवाडी वर, खारवणे खाली, मध्ये एकच व्हाळ, म्हणजे ओढा. दर मार्गशीर्षात कोंडवाडीवाले या व्हाळावर दगडमातीचा बांध घालतात आणि मधोमध वीतभर खाच सोडतात. ती राखणदाराची, सीमा राखणाऱ्या देवाची वाट. तेवढं पाणी खाली गेलंच पाहिजे. वीत मोजायला खारवण्याचा माणूस पाण्यात उभा राहतो, मोजून झाली की नारळ देतो. या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. बांध सिमेंटचा झाला आणि खाच बुजली.

हे कोंडवाडीच्या सरपंचाने, सिद्धेशने केलं. देशाने शेजाऱ्याबरोबरचा पाणीकरार स्थगित केल्यापासून तो टीव्हीसमोरून हलला नव्हता. ग्रामसभेत म्हणाला, "सरकारान थंय पाणी थांबवल्यान, मग आम्ही हंय कित्याक फुकट सोडूचा?" टाळ्या पडल्या. दोन्ही गावांत अलीकडे पैसा खेळू लागला होता. वर काजूचे कारखाने, खाली पर्यटकांच्या खोल्या. दुसऱ्याच्या हाताखाली राहायला कुणीच तयार नव्हतं.

खारवण्याचा सरपंच गुरुदास. त्याने उत्तरादाखल मासळी बंद केली. हौसाबाई तीस वर्षं सुंगटांची, म्हणजे कोळंबीची टोपली घेऊन वर विकायला जाते. तिला तिच्याच गावच्या पोरांनी तिठ्यावर अडवलं.

"सुंगटां काय बॉम्ब आसत रे?" तिने विचारलं. कुणी हसलं नाही. कोंडवाडीत पंधरा दिवस सगळे डाळ ओरपत स्वाभिमानाच्या गप्पा मारत होते.

गप्पांनी प्रेमलताचं भागणार नव्हतं. ती सिद्धेशची थोरली बहीण, खारवण्यात दिलेली. तिचं वीस गुंठे वायंगणी, म्हणजे उन्हाळी भात पोटरीला आलं होतं. आठ दिवसांत एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर सगळं फोलपट. ती माहेरी गेली.

"रे सिद्धेश, एक दीस वाट उघड. माझां भात मरता."

"ताये, तुका टँकर धाडतंय. वर बॅनर लावतंय, 'कोंडवाडीची माणुसकी'."

"बॅनर तुझ्या घरार लाव. माका राखणदाराचा पाणी होया."

"देवाक विचारलंय. उजवो कौल दिल्यान."

"आमच्या देवानय गुरुदासाक उजवोच दिल्यान. आता दोघांतलो खंयचो देव खोटो, ता तरी सांग."

तो मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, "बहिणीसाठी सोडलंय, तर गावात माझी काय किंमत रवतली?"

त्या आठांतल्या पाचव्या दिवशी कट्टा बाजारातल्या एका हॉटेलात दोघा सरपंचांची बैठक झाली. दोन तास, तीन प्लेट भजी. बाहेर आले ते खांद्यावर हात टाकून. सिद्धेशकडे पाहुणे येणार होते आणि त्यांना सुरमई हवी होती, म्हणून मासळी दुसऱ्याच दिवसापासून सुरू. खाच बुजलेलीच राहणार. मात्र बांधातून दोन इंची पाइप थेट गुरुदासच्या पर्यटकांसाठीच्या बारा खोल्यांच्या टाकीत येणार. शेतीच्या पाण्यासाठी समिती.

"समिती कधी बसतली?" प्रेमलताने गुरुदासला गाठून विचारलं.

"बसतली गो वहिनी, पावसाआधी बसतली. आणि वायंगण आता करता कोण? तांदूळ रेशनार गावता."

दोन दिवसांत पाइप टाकून झाला. तो तिच्याच शेताच्या कडेने, मेरेवरून गेला. त्याच्यावर हात ठेवला की आत पाणी पळताना कळायचं. तिने पाइप जोडणाऱ्याला हात जोडून विचारलं, शेतासाठी एक तोटी ठेवशील का. तो म्हणाला, मधे तोटी ठेवायची परवानगी नाही.

आठव्या दिवशी तिने एक पोटरी सोलली. आत लोंबी होती, पांढरी आणि कोरडी. दुसरी सोलली, तिसरी सोलली. मग सोलायचं थांबवलं.

दुपारी दोघे सरपंच फोटोग्राफर घेऊन आले. पाइपवर हात ठेवून हस्तांदोलन, मागे प्रेमलताचं हिरवं शेत, अशी जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती. लांबून ते शेत अजून हिरवंच दिसत होतं. प्रेमलता गोठ्यातून दोन्ही म्हशी घेऊन आली, कवाडी उघडली आणि त्यांना भातात सोडलं.

"ताये, खुळावलंस काय?" सिद्धेश ओरडला. "समिती येतली मां!"

"येऊ दे. म्हशींचा पोट तरी भरांदे."

म्हशी पोटऱ्यांसकट भात ओढू लागल्या. फोटोग्राफर म्हणाला, जनावरं फ्रेममध्ये येताहेत. गुरुदासने घड्याळ पाहिलं. दोघे पाइपच्या कडेने शंभर पावलं पुढे गेले, तिथे नारळाची झाडं होती, आणि पुन्हा हात मिळवून हसले.